हरिहरकाकांचा उजवा पाय

जिना उतरताना हरिहरकाका कठड्याला हात लावत. धरत नसत, नुसता लावत. गॅस बंद केला की बटणावर दोन बोटं ठेवून क्षणभर उभे राहत. रस्ता रिकामा असला तरी आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघत. कुणी सुरी मागितली तर मूठ पुढे करून देत. कुणाच्या स्कूटरवर मागे बसायची वेळ आली तर आधी वाकून मागचा टायर अंगठ्याने दाबत. स्कूटरवाला हसला तर आपणही हसत, पण दाबल्याशिवाय बसत नसत. भजी तळताना सुमतीकाकूंना कढईचा कान भिंतीकडे वळवायला लावत. सोसायटीच्या गणपतीत आरती सुरू असली तरी त्यांचं लक्ष मांडवातल्या वायरींवर असे.

अशा माणसाने त्रेसष्टाव्या वर्षी दोन सीटची, लाल रंगाची, मागच्या चाकांवर पळणारी स्पोर्ट्स कार घेतली.

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत गाडी शिरली तेव्हा आर्यन गॅलरीत दात घासत उभा होता. तोंडातला फेस तसाच राहिला. तोच रंग, तीच बसकी बांधणी, तोच घोगरा आवाज. स्वानंद आला, असं त्याला वाटलं. मग आठवलं, स्वानंदला जाऊन चार महिने झालेत.

स्वानंद म्हणजे हरिहरकाकांचा मुलगा आणि आर्यनचा लहानपणापासूनचा मित्र. तो इंजिनिअर झाला, ठाण्याला नोकरीला लागला. आर्यन मराठी घेऊन एम. ए. झाला आणि डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये व्याकरण शिकवू लागला. स्वानंदने हौसेने ही अशी गाडी घेतली होती, कुणीतरी वापरलेली. ती त्याच्याकडे महिनाभरसुद्धा नव्हती. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी कल्याणच्या बाहेरच्या रस्त्यावर, एका वळणावर, गाडी गर्रकन फिरली आणि त्याच्या बाजूचं दार विजेच्या खांबावर आदळलं. पाऊस नव्हता. त्या वळणावर पाण्याचे टँकर गळत गळत जातात. तेवढाच पट्टा ओला होता.

आता खाली वॉचमन गाडीभोवती फिरत होता. तो नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"वा काका! नवी गाडी! पेढे कुठायत?"

हरिहरकाका खाली उतरले. गाडीला कुलूप लावलं, दार ओढून बघितलं आणि कठड्याला हात लावत जिना चढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनला पाव किलो पेढ्यांचा बॉक्स आणून दिला. त्याला काय सांगणार? आर्यनने ते पाहिलं. पुढे कितीतरी दिवस त्याला पेढा गिळवला नाही.

ठाण्याहून क्षिप्राताई आली. स्वानंदची मोठी बहीण. ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

"बाबा, तुम्हाला वेड लागलंय का?"

"लागलं असेल."

"अहो, त्याच गाडीने आपला स्वानंद गेला. आणि तुम्ही तसलीच शोधून आणता? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणून झालेत, क्षिप्रा."

ते खरं होतं. दिवसकार्य व्हायच्या आधीच लोक म्हणून मोकळे झाले होते. भेटायला आलेल्या एका मावसभावाने सोफ्यावर बसून उसासा टाकला होता. "वेगाची हौस हो. हल्लीच्या पोरांना कोण सांगणार?" आणि मग, पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता, "हरी, तू तर अख्खी नोकरी सेफ्टी ऑफिसर म्हणून केलीस ना रे?"

केली होती. कल्याणजवळ मोहन्याला, एका कारखान्यात. कामगारांची बोटं, डोळे, पाय जागच्या जागी राहावेत म्हणून त्यांनी उभा जन्म घालवला होता. पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं, 'भरधाव व निष्काळजीपणे'. बाकीच्या मजकुराकडे काकांनी बघितलंच नाही. त्या तीन शब्दांवर त्यांची नजर अडकली ती अडकलीच. मुलगा गेला, हे दुःख ते कसंबसं उचलत होते. पण तो बेफाम होता, आपल्या घरात वाढून बेफाम निघाला, हे खरं की खोटं? एवढंच त्यांना हवं होतं. यापलीकडे जगाकडून त्यांचं काही मागणं उरलं नव्हतं.

"आर्यन, तू बसला होतास ना त्याच्या शेजारी? कसा चालवायचा?"

"सावकाश, काका. खरंच."

"मित्र असंच सांगतात."

 त्याला स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

स्वानंदच्या गाडीच्या विम्याचे पैसे आले तेव्हा सुमतीकाकूंनी त्यांना हात लावायला नकार दिला. त्याच पैशांतून ही गाडी आली. काकू तिच्याकडे बघत नसत. खाली उतरल्या की तोंड फिरवून फाटकाकडे चालायला लागत. पण एकदा त्यांनी आर्यनला स्वयंपाकघरात बोलावलं, त्याच्या हातावर लाडू ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांना एकटं जाऊ देऊ नकोस रे. तू बसत जा शेजारी. आणि काही कळलं ना, तर आधी मला सांग. मलाही कळायला हवंय. मी आई आहे त्याची."

अशा रीतीने आर्यन रविवारचा त्या गाडीत बसू लागला.

सुरुवातीचे रविवार काका नुसते शिकत होते. त्यांची जुनी छोटी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. तीत आणि हीत फरक काय, हे त्यांनी आर्यनला बाजारात भाजीच्या हातगाडीवर दाखवलं. भाजीवाल्याला विचारून त्यांनी दांडा धरला आणि गाडी मागे ओढत चार पावलं चालले. गाडी गुमान मागे आली. मग उलट फिरून त्यांनी ती ढकलली आणि मध्येच जरा हिसका दिला. गाडी तिरकी झाली, कोथिंबिरीची जुडी खाली पडली.

"ओ काका," भाजीवाला म्हणाला, "भाजी घ्यायचीय की गाडीच न्यायचीय घरी?"

"अर्धा किलो भेंडी दे," काका म्हणाले. आणि आर्यनकडे वळले. "बघितलंस? ओढली की सरळ येते. ढकलली की तिला फिरायला नुसतं निमित्त पुरतं. ही लाल गाडी मागून ढकलली जाते."

मग ते ढकलल्या जाणाऱ्या गाडीशी जपून वागायला शिकले. सकाळी टायर गार असतात, तेव्हा पहिले काही मैल हळू. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, चाकं सरळ असताना. गिअरही वळणाआधीच बदलायचा. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबायचा तो पायाखाली अंडं असल्यासारखा. खड्डा दिसला तर खड्ड्याकडे बघायचं नाही, जायचंय तिकडे बघायचं. हात डोळ्यांच्या मागे जातात. हे सगळं ते कुठून कुठून वाचून, लोकांना विचारून आणत आणि गाडी चालवता चालवता मोठ्याने म्हणत. आर्यनला ते मंत्र म्हटल्यासारखं ऐकू येई. आपल्या मुलाला आधी सांगायला हव्या होत्या अशा गोष्टी हा माणूस आता रिकाम्या रस्त्याला सांगतोय, असं त्याला वाटे. खिडकीबाहेर बघत तो बसून राही.

या गाडीत सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स वगैरे काही नव्हतं. जुनी होती. स्वानंदचीही तसलीच.

काकांना एक आशा होती. गाडीत काहीतरी बिघाड असणार. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तानाजीचं गॅरेज होतं. स्वानंदने गाडी त्यालाच दाखवली होती. काका तिथे गेले, आर्यनही गेला.

"टायर झिजले असतील त्याचे," काका म्हणाले. "मागचे. हो ना?"

तानाजीने हात पुसले. "नाय काका. नवे टाकलेले त्यानं. मीच टाकले. मला म्हणाला, तानाजीभाऊ, जुने टायर नकोत, आमचे बाबा अंगठा लावून बघतात."

काकांनी उजव्या हाताचा अंगठा मुठीत घेतला.

"मग ब्रेक?"

"ब्रेक चांगले होते. काका, मी तुमाला खोटं सांगून काय मिळवू? वाटलं तर सांगतो, ब्रेक गेले होते. तुमाला बरं वाटत असेल तर तसं सांगतो."

"नको," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर ते बराच वेळ गाडीच्या छपरावर हात ठेवून उभे होते. टायर नाही. ब्रेक नाही. मग उरलं काय? पोलिसांचे तीन शब्द उरले.

वळणाच्या अलीकडे एक लाद्यांचं गोदाम होतं. त्याच्या फाटकावर कॅमेरा. मालकाने चार चकरा मारायला लावल्या, पण शेवटी त्या दिवसाचं जपून ठेवलेलं चित्रण दाखवलं. आर्यनला ते बघायचं नव्हतं. काकांनी त्याचं मनगट धरलं होतं, त्यामुळे बघावं लागलं. पडद्यावर रिकामा रस्ता. एक टँकर जातो, मागे काळी ओली रेघ सोडत. मग एक रिक्षा. तिच्यामागे थोडं अंतर ठेवून लाल गाडी. रिक्षा वळणात शिरते आणि दिसेनाशी होते. लाल गाडीही दिसेनाशी होते. अंतर तेवढंच. त्यानंतर पडद्यावर काही नाही, नुसतं एक कुत्रं उठून बसतं आणि वळणाकडे बघतं.

"पुन्हा लावा," काका म्हणाले.

पुन्हा लावलं. अंतर तेवढंच.

"आर्यन, तो रिक्षाच्या मागे होता. रिक्षाच्या वेगाने चालला होता."

"हो काका."

"भरधाव कुठे?"

"नाहीच काका. मी सांगत होतो ना?"

काकांचा चेहरा एक क्षण उजळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग लगेच विझला. "पण पोलीस म्हणतील, वळणात दाबली असेल. आणि रिक्षाच्या वेगाने गाडी अशी फिरेल का? का फिरेल?"

हे कळायला एकच मार्ग होता.  आपल्याला तो मार्ग आधीच कळला होता, हे आर्यनच्या लक्षात आलं.

डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या अंगाला काँक्रीटचा एक रस्ता अर्धवट पडून आहे. पुढे जातच नाही म्हणून त्यावर वाहनं नसतात. त्याच्या टोकाला तसंच वळण. आजूबाजूला खांब नाहीत, झाडं नाहीत, नुसतं सपाट रान. काकांनी दोन रविवार तिथे पायी फिरून दगड वेचले. मग टँकर मागवला.

टँकरवाला खाली उतरून डोकं खाजवू लागला. "टाकी कुठंय?"

"टाकी नाही. रस्त्यावर सोडायचंय. इथून तिथपर्यंत."

"रस्त्यावर?"

तोपर्यंत जवळच्या वस्तीतून बायका हंडे घेऊन आल्या होत्या. टँकर दिसला की त्या येतातच. पुढे होती गोदूबाई. तिने सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले.

"का रं म्हाताऱ्या? रस्त्याला आंघोळ घालतोस? आमच्या नातवंडांना आंघोळीला पानी नाय आणि तू रस्त्याला घालतोस? याचं लगीन हाय का काय?"

बायका हसल्या. टँकरवालाही हसला. हरिहरकाका हसले नाहीत. त्यांनी हात जोडले.

"तुमचं खरंय बाई. आधी तुम्ही भरून घ्या. सगळ्या भरा. राहील ते मला द्या."

"पन कशाला रं?"

"माझा मुलगा ओल्या रस्त्यावर गेला. कसा गेला, ते बघायचंय."

गोदूबाईच्या कमरेवरचे हात खाली आले. तिने हंडा भरला, दुसरा भरला, आणि तिसऱ्यांदा येणाऱ्या बायकांना तिनेच अडवलं. "बास गं. त्याला र्‍हाऊ दे." मग ती घरी गेली नाही. रस्त्याच्या कडेला बसून राहिली.

काकांनी आर्यनला उतरायला सांगितलं.

"काकूंना शब्द दिलाय," आर्यन म्हणाला.  त्याने पट्टा लावला.

गाडी निघाली. रिक्षाच्या वेगाने, त्याहून जास्त नाही. कोरड्यावर त्यांनी हेच वळण आधी घेतलं होतं, काहीही झालं नव्हतं. आता पुढे काळं पाणी चकाकत होतं. काकांनी आधीच ब्रेक लावला, गिअर बदलला, सगळं मंत्राप्रमाणे. गाडी वळणात शिरली. मागे कुठेतरी, पाठीच्या कण्याच्या शेवटाला जाणवावी अशी एक बारीकशी चुळबुळ झाली. बस, एवढीच. आणि मग सगळं जग बाजूला सरकलं. रान, आकाश, गोदूबाईचं हिरवं लुगडं, पुन्हा रान. गाडी उलट्या तोंडाने थांबली.

 काका स्टिअरिंग धरून सरळ बसले होते.

"मी काय केलं आत्ता?"

"काही नाही काका. घसरली."

"नाही. माझ्या पायाने काय केलं? उजव्या?"

"मी नाही बघितलं."

"आता बघ."

दुसऱ्यांदा आर्यन बाहेर न बघता खाली बघत राहिला. वळण आलं. ती चुळबुळ झाली. आणि कॅनव्हासच्या बुटातला तो पाय झटक्यासरशी ॲक्सिलरेटरवरून उठला. पाय उठला, गाडीचा भार पुढे कलला, मागची चाकं हलकी झाली, आणि शेपटाने पुढच्या भागाला मागे टाकलं. ते पुन्हा फिरले.

"उचलला," आर्यन म्हणाला.

काकांनी गाडी बंद केली. मग समोरच्या काचेला सांगितल्यासारखं, ते बोलू लागले.

"कारखान्यात मी पोरांना एकच धडा द्यायचो. शंका आली की मशीन बंद. विचार करायचा नाही, विचारायचं नाही. हात आधी उठला पाहिजे. कित्येकांचे हात वाचले त्याने. खरंच वाचले, आर्यन. अजून रस्त्यात भेटतात, पंजा वर करून दाखवतात." ते थांबले. "स्वानंदला मीच शिकवली गाडी. आपल्या जुन्या गाडीवर. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसायचो. मध्येच ओरडायचो, शंका! की त्याने पाय उचलायचा. उशीर झाला तर मी गुडघा वर ओढायचो. पुन्हा. पुन्हा. अंगात भिनेपर्यंत. माझ्याइतका भिनलाय, अशी खात्री झाली तेव्हा मी त्याला लायसन काढू दिलं."

"काका, ते बरोबरच होतं."

"होतं. त्या गाडीत बरोबर होतं. ओढणाऱ्या गाडीत पाय उचलला की ती सावरते. हिच्यात पाय आहे तिथे ठेवायचा असतो. थोडा, शांत. आणि शेपूट जाईल तिकडे चाकं वळवायची." त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं, परक्याच्या पायाकडे बघावं तसं. "हे मला तोंडपाठ आहे. पायाला नाही."

 आयुष्यभर आर्यनने शब्दच वाचले होते. आता एकही शब्द पुढे येत नव्हता.

"पण म्हणजे नक्की नाही ना काका," तो शेवटी म्हणाला. "पाय ठेवला असता तरी फिरली असती कदाचित."

हे आपण का बोललो, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. दिलासा द्यायला बोलला होता. काकांनी मात्र ते धरून ठेवलं. बुडत्याने धरावं तसं. पाय जागेवर ठेवूनही गाडी फिरत असेल, तर दोष कुणाचाच नाही. मुलाचा नाही, शिकवणीचा नाही. नुसतं पाणी, नुसतं नशीब. त्यासाठी पाय एकदा तरी जागेवर राहायला हवा होता.

पाय राहीना.

रविवारमागून रविवार गेले. गोदूबाईच्या वस्तीला दर रविवारी पाणी मिळू लागलं. बायका टँकरआधीच येऊन बसत. पोरं रस्त्याकडेला उभी राहून गाडी फिरली की टाळ्या पिटत आणि गोदूबाई त्यांना शिव्या घालत असे. काकांनी जड बूट घालून पाहिले. मोठ्याने "ठेव, ठेव, ठेव" म्हणत पाहिलं. घरी खुर्चीत बसून, पायाखाली वीट ठेवून सराव केला. वळणात शिरलं, मागे चुळबुळ झाली, की पाय उठत असे. डोक्याला कळायच्या आत. तेहतीस वर्षं ज्यासाठी पगार घेतला, तेच काम तो चोख करत होता.

काकांचं वजन उतरलं. दाढी वाढली. क्षिप्राताई फोनवर आर्यनलाच बोलली, "तू शिकलेला आहेस ना? तुला कळत नाही थांबवायला?" आर्यनने काकांना थांबवायचा प्रयत्न केला. पाया पडला. काका म्हणाले, "एकदा. एकदा ठेवून बघू दे. मग तुझ्या हाताने विक."

आणि मग एका रविवारी, पट्टा लावल्यावर, ते म्हणाले, "तुझा हात ठेव."

"कुठे?"

"माझ्या गुडघ्यावर. मी उचलायला लागलो की दाबून धर. खाली ढकलू नकोस, फक्त उचलू देऊ नकोस."

"काका, नको."

"आर्यन, मला जमत नाही रे." त्यांचा आवाज फुटला. इतक्या दिवसांत आर्यनने तो फुटताना ऐकला नव्हता, अग्नी देतानाही नाही. "माझ्याने होत नाही. तू धर."

त्याने हात ठेवला. पँटच्या कापडाखाली हाड लागलं. म्हातारं. गाडी निघाली. ब्रेक. गिअर. वळण. पाणी. मागे चुळबुळ झाली आणि गुडघा वर आला. आर्यनने सगळा जोर लावून तो दाबून धरला. गुडघा धडपडला, पिंजऱ्यातल्या जनावरासारखा. शेपूट बाहेर गेलं, काकांचे हात त्याच बाजूला वळले. क्षणभर गाडी तिरकी, हवेत टांगल्यासारखी. आणि मग ती सावरली. सरळ झाली. रस्त्यावरून पुढे निघाली, कोरड्यावर आली, जणू काही घडलंच नव्हतं.

कडेला पोरं गप्प उभी होती. त्यांना टाळ्या वाजवायला काही मिळालं नव्हतं.

काकांनी गाडी थांबवली. आर्यनचा हात अजून त्यांच्या गुडघ्यावरच होता. दोघांनीही तो काढला नाही.

"वाचला असता," काका म्हणाले.

 परत येताना सोसायटीच्या फाटकाशी ते म्हणाले, "सुमतीला मी सांगेन. तू सांगू नकोस."

वर सुमतीकाकूंनी पोहे केले होते. त्यांनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि डाव खाली ठेवला.

"अहो, कळलं का काही?"

"कळलं."

"मग सांगा ना."

काकांनी टेबलाची कड धरली. "तो भरधाव नव्हता. निष्काळजी नव्हता. त्याची चूक नव्हती, सुमती."

काकू खाली बसल्या. पदर तोंडाला लावून रडल्या. त्या रडण्यात सुटकाही होती, आर्यनला ती स्पष्ट ऐकू आली. त्याने मान फिरवली. मग काकूंनी डोळे पुसले आणि अगदी साधेपणाने, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं,

"मग कुणाची होती हो?"

स्वयंपाकघरात कुकरची वाफ जिरत असल्याचा आवाज होता. काकांचे ओठ हलले. त्यांनी आर्यनकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं.

"सांगतो," ते म्हणाले. "सांगतो. गाडीवर कव्हर घालायचं राहिलंय. तेवढं घालून येतो."

ते खाली गेले. काकूंनी त्यांचे पोहे झाकून ठेवले. आर्यनच्या बशीत वाढले, वर खोबरं घातलं. "खा रे. येतील." त्याने घास घेतला नाही. काकूंनीही विचारलं नाही. बराच वेळ झाला तेव्हा तो उठला.

कव्हर गाडीवर मागच्या काचेपर्यंतच आलं होतं. पुढचा भाग उघडा होता. काका आत, चालकाच्या जागेवर बसले होते. किल्ली छपरावर पडली होती. इंजिन बंद. समोर सोसायटीची भिंत होती आणि ते तिच्याकडे, जायचंय तिकडे बघावं तसे एकटक बघत होते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. त्यांनी खांद्याला एक हिसका दिला, शेपूट सुटावं तसा. पाय उठला. त्यांनी तो पुन्हा ठेवला. पुन्हा हिसका दिला.

"काका," आर्यन म्हणाला. "काकू थांबल्यात."

"हो. आलो. एकदा जमू दे."

वरून, गॅलरीतून काकूंची हाक आली. "अहो, येताय ना? सांगणार होता ना?"

त्यांनी ओ दिली नाही. आर्यनने कव्हरची दोरी उचलली, आणि पुढे कुठे बांधायची ते त्याला ठाऊक नव्हतं.